हजार खोटी आणि एक लग्न

॥ श्रीगुरुभ्यो नमः ॥



गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर एका ताईंनी प्रश्न टाकला होता. पुतणीचं लग्न जमत आलंय, पण तिचा आधी एक साखरपुडा होऊन मोडला होता. तो समोरच्यांना सांगायचा की नाही? खाली पंचवीस-तीस उत्तरं आली. 'अजिबात सांगू नका' इथपासून 'पत्रिकेवरच छापा' इथपर्यंत. एका बंधूंनी शास्त्राचा आधार दिला, की लग्नाच्या वेळी बोललेलं असत्य पापात धरत नाहीत. भेलमधून निवृत्त झालेल्या दुसऱ्या एका बंधूंची आयुष्यभर तमिळ शेजाऱ्यांशी उठबस. त्यांनी एका तमिळ सिनेमाची गोष्ट सांगितली आणि वर तिकडची एक म्हणही. ताईंना हवं होतं उत्तर, हाती पडला वाद. म्हणून या वेळच्या पत्रात हाच विषय जरा सवडीने घेतोय.

आधी सिनेमाचं सांगतो, कारण मजा तिथे आहे आणि मुद्दाही. 'मणल कयिरु' हा १९८२ सालचा तमिळ सिनेमा. लेखक-दिग्दर्शक विसू. हे गृहस्थ मूळचे नाटकवाले, २०२० मध्ये वारले. घरातल्या चार भिंतींत घडणारे, भरपूर बोलके, हसवता हसवता चिमटा काढणारे सिनेमे ही त्यांची ओळख. पुढे त्यांच्याच १९८६ च्या 'संसारम् अदु मिन्सारम्'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'मणल कयिरु' म्हणजे वाळूचा दोर. तमिळमध्ये वाळूचा दोर वळणारा म्हणजे नुसत्या बोलण्याच्या जोरावर अशक्य ते शक्य करून दाखवणारा माणूस. सिनेमात असा माणूस आहे नारदर नायडू, आणि ती भूमिका विसूंनी स्वतःच केली आहे. नावातच नारद, म्हणजे पुढे काय होणार ते आपल्याला कळायला हवं.

गोष्ट अशी. किट्टुमणी नावाचा लग्नाळू तरुण. एस. वी. शेखर यांनी हे काम केलंय. त्याला बायको हवी, पण आठ अटींवर. मुलगी अशी हवी, तिला हे यायला हवं, ते यायला हवं, घर असं हवं. नायडू सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि आठही अटींत चपखल बसणारी मुलगी शोधून देतात. लग्न लागतं. मग एकेक अट वाळूसारखी निसटायला लागते. जे सांगितलं होतं त्यातलं काहीच तसं नाही! पुढचा सगळा सिनेमा त्या निसटण्यावर. चौतीस वर्षांनी, २०१६ मध्ये, याचा दुसरा भागही आला. अटींचं वेड पुढच्या पिढीतही गेलेलं.

प्रेक्षक हसतात ते किट्टुमणीला. खोटं बोलले नायडू, पण त्यांच्यावर कोणी चिडत नाही. उलट बरी जिरवली म्हणतात. हे लक्षात ठेवू या, पुढे लागणार आहे.

आता म्हण. आपण म्हणतो, लग्न पहावं करून आणि घर पहावं बांधून. मास्टर विनायकांनी १९४० मध्ये याच नावाचा मराठी सिनेमा काढला होता, चिं. वि. जोशींच्या चिमणराव-गुंड्याभाऊंना पडद्यावर आणणारा. गंमत म्हणजे हीच म्हण तमिळमध्ये जशीच्या तशी आहे. घर बांधून बघ, लग्न करून बघ. कोणी कोणाकडून घेतली देव जाणे; मुलीच्या बापाची दमछाक कावेरीकाठी काय नि नर्मदाकाठी काय, सारखीच. पण तिकडे आणखी एक म्हण आहे, जी भेलवाल्या बंधूंनी सांगितली. हजार खोटं बोलून का होईना, एक लग्न लावावं. आपल्याकडच्या आज्याही याच अर्थाचं बोलत आल्या आहेत.

यावर काही तमिळ मंडळी वेगळंच सांगतात. त्यांच्या भाषेत 'पोय' हा शब्द ओ ऱ्हस्व उच्चारला तर 'खोटं', आणि ओ लांबवला तर 'जाऊन'. त्यांचं म्हणणं, मूळ म्हण होती हजारदा जाऊन, हजार जणांना सांगून लग्न करावं. म्हणजे दारोदार जा, सोयऱ्याधायऱ्यांना कळवा, चार माणसांत उघडपणे करा. पुढे ओ आखडला आणि 'जाऊन सांगणे'चं 'खोटं सांगणे' झालं. भाषेच्या जाणकारांना हे पटेल न पटेल, ती त्यांची बाब. आम्हाला मात्र हे ऐकून करमणूकही झाली आणि जरा चपापलोही. उघडपणाची म्हण लपवाछपवीची व्हायला एका मात्रेचा फरक पुरला.

बरं, लग्नात खोटं येतं कुठून? आपल्या सगळ्यांच्या घरी परिचय संमेलनाची ती जाडजूड स्मरणिका असते. कुठलंही पान उघडा. गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष, नोकरी करणारी पण घर सांभाळणारी. मुलगा निर्व्यसनी, स्वतःचा फ्लॅट, जबाबदारी नाही. ('जबाबदारी नाही' याचा अर्थ आईबाप गेले किंवा दुसऱ्या भावाकडे आहेत. किती सहज छापतो आपण हे!) एकदा असं मागायचं ठरवलं की तसं पुरवणारे तयार होणारच. सावळीची गव्हाळ होते. पस्तिशीचा बत्तीसचा होतो. कंत्राटी नोकरी 'शासकीय विभागात' होते. मधुमेहाच्या गोळ्या पाहुणे येणार म्हणून फ्रिजवरून उचलून कपाटात जातात. यातलं एकेक खोटं बोलणाऱ्याला विचारलं तर तो सांगेल, काय करणार, खरं सांगितलं की स्थळ परत जातं. आणि तो हे खोटं सांगत नसतो.

आम्हाला असं दिसतं की किट्टुमणीच्या आठ अटी म्हणजे आठ खोट्यांची ऑर्डर होती. नायडूंनी माल पुरवला. निर्दोष माणूस मागणारा माणूस समोरच्याला खरं बोलायची सोयच ठेवत नाही. म्हणून प्रेक्षक त्याला हसतात, आणि ते हसणं एक प्रकारचा न्यायच असतो.

मग बंधू म्हणतात तसं, पाप नाहीच की काय? शास्त्राधार दिलाय, तर तो नीट बघायला हवा. असत्य चालतं असे पाच प्रसंग सांगणारं वचन महाभारतात आहे, आदिपर्वात, आणि त्यात विवाहाचा प्रसंग येतो हे खरं. पण ते वचन कोणाच्या तोंडी आहे? शर्मिष्ठेच्या. कोणाला उद्देशून? ययातीला. कधी? ती त्याच्याकडे पुत्रदान मागते आणि तो शुक्राचार्यांना दिलेल्या शब्दामुळे कचरतो, तेव्हा. खांडेकरांच्या कादंबरीमुळे ही मंडळी मराठी घरांत ओळखीची आहेत, पण मूळ कथेतला हा बारकावा निसटतो. ज्याला त्या क्षणी सवलत हवी होती त्याच्याच तोंडी सवलतीचं वचन व्यासांनी घातलंय. आणि ययाती लगेच मान्यही करत नाही. राजाकडे बघून लोक वागतात, तो खोटं बोलला तर त्याचा नाशच, असं तो आधी म्हणतो. मग शर्मिष्ठा आणखी युक्तिवाद करते आणि राजा वळतो. आपणही असेच वळतो. वचन पहिल्याच झटक्याला कोणाला पटत नाही, जरा सोयीची भर पडली की पटतं.

पुढे काय झालं? शर्मिष्ठेने देवयानीला सांगितलं की एका ऋषीच्या कृपेने मुलगा झाला. देवयानीने विश्वास ठेवला. वर्षं गेली. एके दिवशी राजाबरोबर बागेत गेली असता तिला तीन देखणी मुलं खेळताना दिसली, चेहरेपट्टी थेट राजाची. तिने मुलांनाच विचारलं, बाळांनो, तुमचे वडील कोण? मुलांनी बोट केलं राजाकडे, आणि आईचं नाव सांगितलं शर्मिष्ठा. एवढं सांगून ती बापाकडे धावली, आणि बापाने, देवयानी शेजारी उभी म्हणून, त्यांना जवळ घेतलं नाही. मुलं रडत आईकडे गेली.

शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला म्हातारपण आलं, ही पुढची गोष्ट सगळे सांगतात. आम्हाला त्या रडत गेलेल्या मुलांपाशीच थांबावंसं वाटतं. लपवलेलं बाहेर कोणी काढलं? ज्यांना लपवायचं असतं हे ठाऊकच नव्हतं त्यांनी. आणि चटका पहिला कोणाला बसला? त्यांनाच.

अजून एक गंमत. लग्नात, प्राणसंकटात वगैरे खोटं निंद्य नाही, हीच सवलत भागवतात पुन्हा येते, आठव्या स्कंधात. तिथे ती सांगतात खुद्द शुक्राचार्य, आणि सांगतात बळीराजाला, कारण वामनाला तीन पावलं जमीन द्यायचा शब्द त्याने मोडावा अशी त्यांची इच्छा. म्हणजे ज्या शुक्राचार्यांनी लपवाछपवी केली म्हणून जावयाला शाप दिला, त्यांनीच शिष्याला लपवाछपवीचा रस्ता दाखवला. बळीने गुरूचं ऐकलं नाही. गुरूने त्यालाही शाप दिला! लपवणाऱ्यालाही शाप आणि लपवायला नाही म्हणणाऱ्यालाही. गुरुभक्तांच्या पत्रात हे लिहिताना जरा विचार करावा लागतो, पण कथा आहे तशी आहे. बळीचं सगळं गेलं, आणि भागवत म्हणतं की सुतळात त्याच्या दारावर राखणीला भगवंत उभे राहिले. तेव्हा वचनाचा आधार देताना कोण, कोणाला, कशासाठी सांगतोय हे बघितल्याशिवाय देऊ नये, एवढंच त्या बंधूंना नम्रपणे.

कायद्याचं दोन ओळींत उरकतो, कारण ग्रुपवर एकाने तेही विचारलं होतं. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १२. संमती दडपणाने किंवा फसवून घेतली असेल, आणि ती फसवणूक समोरच्या व्यक्तीविषयीच्या महत्त्वाच्या गोष्टीची असेल, तर न्यायालय लग्न रद्द करू शकतं. फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं, आणि कळल्यावरही आपखुशीने एकत्र संसार चालू ठेवला असेल तर हे दार बंद. 'महत्त्वाची गोष्ट' कोणती हे ज्या त्या प्रकरणात न्यायालय ठरवतं. मोडलेला साखरपुडा त्यात बसेल का, हे वकिलाला विचारावं. आमचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे.

मघाशी म्हटलं की 'मणल कयिरु' बघताना लोक मध्यस्थावर चिडत नाहीत. आता आपल्या एका मध्यस्थाकडे या. देवलांचं 'संगीत शारदा', १८९९. भद्रेश्वर दीक्षित हा लग्नं जुळवणारा. पैसेवाल्या म्हाताऱ्या भुजंगनाथाला घोड्यावर बसवायचं, पैशाला भुललेल्या कांचनभटाला पटवायचं, आणि कोवळ्या शारदेचा बळी द्यायचा, असं त्याचं काम. हाही वाळूचा दोरच वळतो. नायडूंच्याच हत्याराने. हे नाटकही ठिकठिकाणी हसवतं, पण भद्रेश्वराची जिरावी असं प्रत्येकाला वाटतं. (जाता जाता, १९२९ चा 'शारदा कायदा' या नाटकावरून म्हणतात असं बऱ्याच जणांना वाटतं. तो अजमेरच्या हरविलास सारडांच्या नावावरून. नाटकाने हवा तयार केली ही गोष्ट वेगळी.)

हत्यार तेच, मग आपला कौल वेगळा का? कारण एका ठिकाणी खोटं पडलं चोखंदळ, माजलेल्या नवऱ्याच्या अंगावर, आणि दुसरीकडे तोंड नसलेल्या पोरीच्या. खोट्याचं वजन आपण ते कोणाच्या डोक्यावर पडतं यावरून ठरवतो. तसं ठरवणं चूकही नाही. पण दोन्ही नाटकांत एक गोष्ट समान राहते. शारदेला कोणी विचारत नाही. आणि किट्टुमणीला धडा शिकवायचा म्हणून जे रचलं, त्यातही त्या धड्याबरोबर राहायचंय एका मुलीला. नायडू निघून जातात. नवऱ्याची जिरली, सगळे हसले, आणि चिडलेल्या माणसाच्या घरात स्वयंपाक कोण करणार आहे? सिनेमा विनोदी आहे म्हणून ते सावरून घेतो. आपल्या ओळखीतली अशी घरं मनात आणा, सगळीच सावरलेली नाहीत.

इथपर्यंत लिहून झाल्यावर आम्हाला वाटलं होतं की उत्तर सोपं आहे, सांगून टाकावं. तेव्हा बरखेड्याच्या काकू बोलल्या. काकू चाळीस वर्षं या शहरात आहेत आणि बोलतात कमी.

त्या म्हणाल्या, "तुम्ही चौऱ्याऐंशीनंतरची लग्नं बघितली नाहीत."

भोपाळच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला. शहराच्या ५६ वॉर्डांपैकी ३६ वॉर्ड पुढे गॅसपीडित ठरले. किती गेले, किती जन्मभर खोकत राहिले, याचे आकडे अजून भांडणात आहेत. त्या रात्रीचं एक नुकसान मात्र कुठल्याच यादीत नीट आलं नाही. जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला रोड. मुलगी यांतल्या एखाद्या वस्तीतली आहे एवढं कळलं की स्थळं परत जायची. हिला मूल होईल का, झालं तर धड होईल का, ही जन्मभर औषधंच घेईल का. विचारणारे तोंडावर विचारायचे. मुलग्यांनाही विचारायचे, नाही असं नाही, पण मुलगा 'आता ठीक आहे' म्हणाला की पुरायचं.

काकूंनी पाहिलेली घरं अशी. त्या रात्री मुलगी मामाकडे होती, असं सांगायचं. मामाचा पत्ता द्यायचा. पाळीच्या तक्रारी डॉक्टरांकडेही बोलायच्या नाहीत, कारण दवाखान्यात ओळखीचं कोणी भेटेल. आणि त्याच सुमारास नुकसानभरपाईचे दावे चालू. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरचा समझोता झाला, त्यानंतर दावा न्यायालयांत रांगा लागल्या. तिथे आजार सिद्ध करायचा, कागद दाखवायचे, मी गॅसपीडित आहे हे ओरडून सांगायचं. म्हणजे सकाळी रांगेत जे सिद्ध करायचं तेच संध्याकाळी पाहुण्यांपासून लपवायचं. काही घरांनी मुलीच्या नावाचा दावाच केला नाही म्हणे, कागद मागे राहील म्हणून. पैसे सोडले, बोभाटा नको.

"त्या बायांना जाऊन सांगा, खरं बोला," काकू म्हणाल्या. "त्यांनी काय गुन्हा केला होता? झोपल्या होत्या घरात. खरं बोलायची किंमत नेहमी पोरीनेच का मोजायची?"

यावर आमच्याकडे झटपट उत्तर नव्हतं आणि आजही पूर्ण नाही. पण त्या दिवसापासून विचार एका जागी येऊन थांबतोय, तो मांडतो.

लपवणं म्हटलं की आपण एकच गोष्ट समजतो. पण कोणापासून? कॉलनीपासून, मावससासऱ्यांपासून, परिचय संमेलनाच्या स्मरणिकेपासून लपवलं, तर त्यात आम्हाला तरी खोटेपणा दिसत नाही. त्यांचा हक्कच काय? छोल्याच्या मुलीच्या पोटाची काळजी शेजारच्या काकांना असायचं कारण नाही. मोडलेला साखरपुडा हीसुद्धा गावात वाटायची मिठाई नव्हे. पण ज्याच्याबरोबर एका छताखाली म्हातारं व्हायचंय, त्याचा हक्क वेगळा. त्याला अंधारात ठेवलं तर त्याने 'हो' म्हटलं ते कोणाला? त्याने हो म्हटलं आपण रंगवलेल्या मुलीला. खऱ्या मुलीला अजून कोणी हो म्हणालेलंच नाही, आणि हे तिला रोज रात्री ठाऊक असतं. फसवला गेलेला माणूस निदान निर्धास्त झोपतो. जिच्या भल्यासाठी फसवलं तिचीच झोप गेली. आता या बाईने कोणाशी बोलावं? आईने शपथ घातलेली, नवऱ्याला सांगता येत नाही, डॉक्टरकडे जायची चोरी.

म्हणून आमचं म्हणणं असं, की सांगावं, पण ज्याचं आहे त्याने सांगावं, आणि ज्याला सांगायचं त्यालाच सांगावं. वडीलधाऱ्यांनी बैठकीत नव्हे. पत्रिकेच्या कागदावर तर नव्हेच. मुलगा-मुलगी दोघांनी बसावं, मध्ये कोणी कान देऊ नये. आणि दोघांनीही सांगावं. मुलीने आजार सांगायचा आणि मुलाने पगार फुगवायचा, असला सौदा नको. ज्याला विचारायचंय त्याने आधी स्वतःचं सांगून मग विचारावं. बरेच प्रश्न तिथेच गळून पडतील.

केव्हा सांगावं? हॉल बुक व्हायच्या आत. हे ऐकायला व्यवहारी वाटेल. पण पत्रिका वाटल्यावर, सोनं घेतल्यावर, पाहुण्यांची रिझर्व्हेशनं झाल्यावर सांगितलेलं खरं हे खरं सांगणं राहत नाही, ते कोंडीत पकडणं होतं. तेव्हा समोरचा नाही म्हणू शकत नाही, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला काय अर्थ?

रामदासस्वामींची गोष्ट आपल्या सत्संगात दर वर्षी होते. 'सावधान' ऐकलं आणि बारा वर्षांचा नारायण बोहल्यावरून पळाला. सांगणारे तिचा शेवट वैराग्याकडे नेतात, ते त्यांच्या जागी ठीक. पण तो शब्द पळणाऱ्या एकासाठीच थोडाच असतो? अवधानासह, म्हणजे नीट लक्ष देऊन, असा साधा अर्थ. भटजी तो अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असा म्हणतात, आणि अक्षता टाकणाऱ्यांनाही. अंतरपाट तरी काय, दोघांमध्ये काहीतरी आडवं आहे हे सगळ्यांदेखत कबूल करणारं कापड, आणि मग ते सगळ्यांदेखतच काढायचं. नुसतं कापड काढून चालत नाही, हे आपल्या जुन्या लोकांना माहीत नव्हतं असं कसं म्हणावं?

आता आपल्या ग्रुपविषयी, कारण मध्यस्थ आपणही आहोत. स्थळ पाठवताना आपल्याकडे एक वाक्य हमखास येतं. 'मुलगा सत्संगी आहे', 'आपल्यातलेच आहेत'. वाचणारा यातून काय घेतो? की चौकशीची गरज नाही. खरं तर आपल्याला माहीत इतकंच असतं की मुलाचे वडील गुरुवारी आरतीला येतात आणि चपला रांगेत ठेवतात. त्यावरून मुलगा दारू पितो की नाही, त्याचं आधी लग्न झालंय की नाही, हे कसं कळणार? नारदर नायडू निदान स्वतःच्या जिभेवर खोटं बोलत होते. आपण श्रीगुरूंच्या नावाचा शिक्का उमटवतो, आणि पुढे काही निघालं तर बोट त्या नावाकडे जातं. त्या मुलीच्या घरचे मग आपल्यालाच नाही, उपासनेलाही दुरावतात. अशी घरं आहेत. नावं घेत नाही.

म्हणून समितीच्या मंडळींनी असं ठरवलंय. या ग्रुपवर स्थळ पाठवायला हरकत नाही. पण 'सत्संगी' हा गुण म्हणून लिहू नये, ओळख कितपत आहे तेवढं लिहावं. आम्ही यांना दोन वर्षं सत्संगात बघतो, घरी कधी गेलेलो नाही, असं. स्वतः पाहिलेलं तेवढंच. अपेक्षांच्या रकान्यात रंग, उंची, 'जबाबदारी नाही' असं काही आलं तर ते काढून टाकायला आम्ही विनंती करू, आणि रकानाच गाळला तर उत्तम. कोणाच्या आजारपणाची, मोडलेल्या लग्नाची चर्चा ग्रुपवर होणार नाही. ताईंच्या प्रश्नाखालची उत्तरं आम्ही ताईंना विचारून काढून टाकली आहेत. पुतणीने त्या मुलाला भेटून स्वतः सांगायचं ठरवलंय, एवढं ताईंनी कळवलंय. पुढचं आम्ही विचारलं नाही.

काकूंना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, सांगणाऱ्याला इतके नियम घातलेत, ऐकणाऱ्याला एकही नाही. मुलगी विश्वासाने बोलेल, मुलगा नाही म्हणेल, त्याचाही तो हक्क. पण दुसऱ्या दिवशी त्याच्या आईच्या तोंडून ते दहा नंबर मार्केटपर्यंत पोहोचेल, आणि मग त्या मुलीला तिसरं स्थळ येणार नाही. म्हणून लपवतात लोक. नकाराला भीत नाहीत ते, नकारानंतरच्या गप्पांना भितात.

तेव्हा काकूंच्या सांगण्यावरून एक ओळ जोडतोय. समोरच्याने तुम्हाला जे सांगितलं, ते लग्न झालं तरी आणि नाही झालं तरी, आईलासुद्धा सांगायचं नाही. हे ज्याला जमणार नाही त्याने विचारूच नये, असं काकूंचं म्हणणं आहे, आणि आम्हाला ते मान्य आहे.